गळ्यातली गोफण

गोरेगावच्या बाजारगल्लीत शिवहार फोटोवाल्याला लोक ओळखतात ते त्याच्या मानेवरून. मागून कुणी हाक मारली तर हा माणूस मान वळवत नाही, खांद्यांसकट अख्खा वळतो. बत्तीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंगं आणि पुढाऱ्यांचे सत्कार काढले, त्याचा हा प्रसाद. आता लग्नांना पोरं डिजिटल कॅमेरे आणि ड्रोन घेऊन जातात. शिवहारच्या दुकानात पासपोर्ट फोटो तेवढे निघतात, आणि ते काढायला त्यानंही एक डिजिटल घेऊन ठेवला आहे. गळ्यात मात्र अजून तोच रिळाचा, वरवंट्यासारखा जड कॅमेरा. रीळ कुरिअरनं येतं, धुतो हा स्वतः, आणि त्यातले फोटो कुणी मागत नाही. तरी सकाळी अंघोळ झाली की आधी कॅमेरा गळ्यात आणि मग चहा.

दुकानात खिळ्याला चार पट्टे टांगलेले आहेत. पहिला कॅमेऱ्याबरोबरच आलेला, बोटभर रुंदीचा रेक्झिनचा. त्याच्या कडा अशा रुतायच्या की लग्नाहून परत आल्यावर मानेवर लाल रेघ उमटलेली असायची. दुसरा वसमतच्या एका कारागिराकडून शिवून घेतलेला चामड्याचा. तो सहा महिने वाकेना, आणि वाकला तो इतका ताणला की चालताना कॅमेरा पोटावर आपटायला लागला. तिसरा दप्तराच्या नायलॉनचा. चौथा स्पंजचा, मऊ, लेकीनं मोबाइलवरून मागवून दिलेला. त्याच्याखाली एका उन्हाळ्यात इतकं घामोळं आलं की शिवहार महिनाभर गळ्याला पावडर फासून हिंडला. पट्टा या विषयावर तो अर्धा तास बोलू शकतो. पट्टा रुंद पाहिजे. रुंद पाहिजे पण मऊ पाहिजे, मऊ पाहिजे पण ताणायला नको, घाम प्यायला पाहिजे, आणि लांबी अशी की बरगड्या संपतात तिथं कॅमेरा येऊन बसला पाहिजे.

पाचव्या पट्ट्याबद्दल तो कधीच बोलत नाही. खरं तर तो काळाच्या हिशेबानं दुसरा.

शिवहारचा थोरला भाऊ नामाजी मेंढरं राखतो. धंदा घरचाच. शिवहार त्यातून निसटून हिंगोलीला एका स्टुडिओत कामाला लागला आणि कॅमेरा घेऊन परत आला, याचा नामाजीला कोण अभिमान. धाकट्याच्या मानेवरची लाल रेघ बघून त्यानं एक दिवस त्याला उभं केलं, मानेपासून बरगडीपर्यंत वितीनं मोजलं आणि पाच दिवसांत पट्टा विणून आणला. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, हातानं कातलेल्या. मध्ये चार बोटं रुंद, दोन्हीकडं निमुळता होत गेलेला, टोकांना कॅमेऱ्याच्या कड्या अडकवायला फासे. म्हणजे सरळच सांगायचं तर गोफण. आयुष्यभर नामाजीनं गोफणीच विणल्या होत्या, दुसरं काय विणणार? पण दगड जिथं बसतो तिथं मान बसली, आणि शिवहारला पहिल्यांदा गळ्यात कॅमेरा आहे हे विसरायला झालं.

आठ दिवस हे सुख टिकलं. नवव्या दिवशी सेनगावात एका बड्या घरचं लग्न होतं. मांडवात एका पाहुण्यानं शिवहारकडं बघून मोठ्यानं विचारलं, "काय रे, फोटो काढायला आलास का ज्वारीवरची पाखरं हाणायला?"

मांडव हसला. नवरीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि ते तर त्याच्या फोटोतच आलं. संध्याकाळी शिवहारनं पट्टा नामाजीपुढं टाकला.

"हे घे तुझं. मला काही मेंढरामागं फिरायचं न्हाई."

नामाजीनं तो उचलला, गुंडाळला आणि आत गेला. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. बोलणं बंद झालं नाही, दर रविवारी शिवहार भावाकडं चहाला जातो, मेंढरांची, पावसाची चौकशी करतो. फक्त पट्ट्याचं बोलत नाहीत.

यंदा दिवाळीनंतर जान्हवी आली. हिंगोलीच्या एका देवस्थानातल्या कारकुनाची मुलगी, पुण्यात फोटोग्राफी शिकते, आणि आजोबांचा रिळाचा कॅमेरा गळ्यात घालून हिंडते. तिचं रीळ कॅमेऱ्यातच अडकलं होतं आणि ते उजेड न लागता सोडवायची काळी पिशवी अख्ख्या तालुक्यात फक्त शिवहारकडं उरलेली. त्यानं पिशवीत दोन्ही हात घातले, डोळे मिटले आणि चार मिनिटांत रीळ सोडवलं. पोरगी बघतच राहिली. शिवहार फुलला. इतक्या वर्षांत कुणी असं बघितलं नव्हतं.

तिच्या मानेवर लाल रेघ होती. मग काय, पट्ट्यांचं व्याख्यान झालं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तिला मेंढपाळांचे फोटो काढायचे आहेत हे कळल्यावर शिवहारनंच सांगितलं, "मग माझ्या दादाकडं जा की. नामाजी. माझं नाव सांग बराबर."

पुढं जे झालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं, हे ध्यानात ठेवावं.

आठवड्यानं ती रीळ घ्यायला आली तेव्हा तिच्या गळ्यात गोफण होती. काळी-पांढरी, मध्ये चार बोटं रुंद.

"काका, बघा ना! नामाजीबाबांनी दिला. मान दुखतच नाही आता."

शिवहारनं तिच्या फोटोंचं पाकीट पुढं सरकवलं. तो म्हणाला, "लोकर हाय. खाजवंल."

"नाही खाजवत."

"पावसात भिजला की वास मारंल."

"मग वाळवीन," ती हसून म्हणाली, आणि फोटो बघण्यात गढून गेली.

त्या दिवसापासून हा माणूस जळायला लागला. उगाच सौम्य शब्द कशाला वापरायचे? सत्तावन्न वर्षांचा बाप्या एकवीस वर्षांच्या पोरीवर जळत होता, तेही तिच्या कॅमेऱ्यावर नाही, तिच्या शिक्षणावर नाही, तिच्या गळ्यातल्या दोरीवर. दादानं हिच्यासाठी पट्टा विणला. काल आलेल्या पोरीसाठी. आणि इथं सख्खा भाऊ दर रविवारी समोर बसून, आखडलेली मान हातानं चोळत चहा पितो, ते त्याला दिसत नाही? बत्तीस वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही की शिवहार, दुसरा विणू का? आपण तो त्याच्यापुढं टाकला होता हे शिवहारला आठवत होतं. पण आठवण आणि जळफळाट एकाच घरात खुशाल नांदतात.

त्या रविवारी तो चहाला गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जान्हवीनं मोबाइलवर पट्ट्याचा फोटो टाकला होता, त्याला दोन दिवसांत हजारावर लोकांनी बदाम दिले. हे त्याला कसं कळलं? दिवसातून पाच वेळा तो स्वतःच उघडून बघत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, किती अस्सल, मला हवाय. शिवहारनं मोबाइल उपडा ठेवला आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या एका म्हातारीला उगाचच सरळ बसत नाही म्हणून खेकसला.

"काय होऊन राहिलं तुमाला?" बायको मोहिनी म्हणाली. "त्या लेकरानं तुमचं काय घेतलं?"

"काही न्हाई."

"मग तिचं नाव निघालं की तोंड काहून वाकडं होतं?"

मानेचं निमित्त करून तो आत जाऊन पडला.

पुढच्या बुधवारी भर दुपारी जान्हवी दुकानात आली आणि पट्टा काढून तिनं काउंटरवर ठेवला. "काका, हा मला फार लांब होतो. कॅमेरा पोटाखाली आपटतो. मी गाठ मारली होती, ती रुतते. तुम्ही कापून टोकं नीट बांधून द्याल? तुमच्या हाताला सफाई आहे."

शिवहारनं पट्टा हातात घेतला. इतके दिवस लांबून बघितलेला, आज पहिल्यांदा हातात. त्यानं गाठ सोडली, पट्टा सरळ केला, आणि त्याला फाशाजवळ सुपारीएवढा तपकिरी डाग दिसला. डेव्हलपरचा, फोटो धुवायच्या औषधाचा डाग. त्या आठ दिवसांतच कधीतरी डार्करूममध्ये ट्रेवर वाकताना पट्ट्याचं टोक त्यात बुडालं होतं आणि त्यानं जीभ चावली होती, की दादाला दिसायला नको. मेंढरांच्या वाडग्यात डेव्हलपर कुठून येणार?

"हा नवा विणला ना त्यांनी?" त्यानं विचारलं.

"छे, जुनाच आहे. ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवला होता. दर दिवाळीला ऊन दाखवायचे म्हणे. कुणासाठी तरी माप घेऊन विणला होता, त्यानं नेला नाही. मी म्हटलं, बाबा, तो माणूस मागायला आला तर? तर हसले. म्हणाले, तो मान मोडून घेईल, पण मागणार नाही."

शिवहार पट्ट्याकडं बघत राहिला. दोन शब्द बोलायचे होते फक्त. माझा आहे. पोरीनं तत्काळ दिला असता, वर माफी मागितली असती. पण मग तो माणूस कोण हेही तिला कळलं असतं, आणि जिनं त्याला काळ्या पिशवीत हात घालताना तसं बघितलं होतं तिच्यासमोर तो माणूस व्हायचं शिवहारच्या जिवावर आलं. त्यानं पासपोर्ट फोटो कापायची कात्री उचलली. तिच्या मानेपासून बरगडीपर्यंत टेपनं मोजलं, आणि दोन्हीकडून वीतभर कापलं. मेणाच्या दोऱ्यानं नवे फासे इतके सुबक बांधले की तेवढं काम त्यानं स्वतःच्या कुठल्या पट्ट्यासाठी केलं नव्हतं. पोरगी गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली. कॅमेरा बरोबर जागेवर बसला.

ती गेल्यावर त्यानं कापलेले दोन तुकडे खिशात घातले, शटर ओढलं आणि तडक भावाचं वाडगं गाठलं. वार रविवार नव्हता, पण नामाजीनं काही विचारलं नाही. तो बाभळीखाली पाय पसरून बसला होता. शिवहारनं तुकडे त्याच्यासमोर धरले.

"तिला काहून दिलास?"

नामाजीनं डागाचा तुकडा ओळखला. "कापलास?"

"तिनं कापायला आणला. तिला काहून दिलास, दादा?"

"तिची मान लाल झालती. तुझी व्हायची तशी." नामाजी मेंढरांकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, कुणाच्या तरी गळ्यात जाऊ दे. बत्तीस वरीस ऊनच खाऊन राहिलता."

शिवहारला राग तर होताच, भावाचा, पोरीचा, त्या सेनगावच्या पाहुण्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्यातच त्याच्या तोंडून ते निघालं.

"मला दुसरा विणून दे."

नामाजीनं दोन्ही हात पुढं केले. बोटांची पेरं सुजून गाठी झालेली, करंगळी तर तळव्याकडं मुडपलेली. हे हात शिवहार दर रविवारी कपबशी धरताना बघत होता, आणि त्याला दिसायची ती फक्त आपली मान.

"तीन वरीस झाले, वळत न्हाईत. पंधरा दिवस आधी मागितला असतास तर तुझाच होता की."

मेंढरं रवंथ करत उभी होती. शिवहार वळून जायला निघाला, खांद्यांसकट.

"जाऊन कुठं राहिलास? बस." नामाजीनं शेजारच्या गोणपाटाखालून लोकरीच्या सुताचा गुंडा काढला, सुताचं टोक कसंबसं आपल्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि बाकीचं भावाच्या अंगावर टाकलं. "अंधारात रीळ भरतोस म्हणतेत ना? मग उजेडात विणायला काय तकलीफ हाय? चार पदर घे. मी सांगतो तसं कर."

इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला शिवहार भावाच्या पायाशी मातीत बसला. वाटेनं दोन माणसं गेली आणि वळून बघून हसली. तो मुकाट्यानं पदरात पदर घालत राहिला. वीण वाकडी येत होती. जान्हवीच्या पट्ट्याची किती सरळ होती, हे मनातून जात नव्हतं.

"ढिलं होऊन राहिलं," नामाजी म्हणाला. "ओढ."

"तुझ्या अंगठ्याला लागंल."

"लागू दे. ओढ तू."