कासवावरचा तिसरा मंत्र

सुट्टी संपवून परत जाताना तुम्ही दोघा भावंडांनी तुमच्या जादूच्या पत्त्यांचा एक जोड बुलढाण्याला माझ्याजवळ ठेवलात. मी तो नीट लावला. प्राणी एकीकडे, मंत्र दुसरीकडे, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात. नियमांची इंग्रजी पुस्तिका दोनदा वाचली. तरी दर रविवारी सकाळी, फोन डब्याला टेकवून, मी तुमच्याकडून हरत होते.

मग धाकटे, तू अगदी शांतपणे म्हणालीस, "आजी, तू लगेच हरतेस. पुढच्या रविवारपासून नुसतं बोलू या का?"

नुसतं बोलणं पाच मिनिटांत संपतं. जेवलीस का, शाळा कशी आहे, थंडी आहे का, आणि मग पडदा काळा.

त्याच आठवड्यात माझी धाकटी जाऊ वडनेर भोलजीहून तुरीच्या शेंगा घेऊन आली. शेंगा सोलता सोलता मी तिला हरलेला डाव पुन्हा मांडून दाखवला. तुझा ड्रॅगन चालून आला, मी कासव पुढे केलं, त्याच्यावर ढालीचा मंत्र ठेवला. तू ढाल जाळलीस. कासव मेलं.

जाऊ माझ्या हातातल्या पानांकडे बघत होती. "अजून दोन मंत्र आहेत ना तुमच्याजवळ. ते काऊन नाही टाकले, बाई?"

एका हाताला एकच पान, मी म्हटलं.

"हे काय मेंढीकोट आहे?"

चाळीस उन्हाळे आम्ही दोघी मेंढीकोट खेळलो आहोत. प्रत्येकीनं एक पान टाकायचं, हात उचलायचा. तीच सवय मी इथे आणली होती. पुस्तिका उघडली. आपल्या वाट्याचे शक्तीचे गुण शिल्लक असेपर्यंत त्याच लढाईत हवे तितके मंत्र टाकता येतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. इंग्रजी शिकलेली मी, ते दोनदा वाचून ओलांडून गेले होते. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या जावेला ते माझ्या हातात दिसलं.

रविवारी, जाऊ मागे बसून उरलेल्या शेंगा सोलत असताना, मी तुझ्याकडे एकच शेवटचा डाव मागितला. तुझा ड्रॅगन आला. मी ढाल ठेवली, तू जाळलीस आणि मी कासव उचलीन म्हणून वाट बघत राहिलीस. मी दुसरा मंत्र ठेवला, ड्रॅगनचे पाय चिखलात रुतले. तिसरा ठेवला, आणि ते बोटभर चित्रातलं कासव ड्रॅगनपेक्षा बलवान झालं. एका क्षणाच्या लढाईत एवढी जागा असते, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं.

तू नाक फोनला लावून ती तीन पानं वाचत होतीस.

मागून जाऊ हळूच म्हणाली, "पोरीले घाबरवलं तुम्ही."

मग तू म्हणालीस, "फोन ठेवू नकोस, आजी. दादाला बोलावते. त्याच्यासमोर ती पानं परत लाव."

त्या दिवशी शेंगा संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या.