पळायचं नाही, वैशाली!

मैदानावर कधी पाय ठेवायचा नाही, आणि खेळाडूंकडे हिशोब मात्र मागायचा! ज्यांना आपल्याच कॉलेजचं मैदान कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नसतं, तेच लग्नाच्या पंगतीत वाटीतला मठ्ठा पीत विचारतात, "मग, मेडल किती?" पोरगी पहाटे उठते, बस पकडते, उन्हात काळी पडली म्हणून घरी बोलणी खाते, यातलं काही तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला फोटो हवा असतो. गळ्यात काहीतरी लटकलेला!

असो. चिडले की मी लांबत जाते.

मेडलं मोजता येतात, म्हणून लोक ती मोजतात. किस्से कोण मोजणार? आमच्या ॲथलेटिक्सच्या ग्रुपमध्ये ते नुसते साठत जातात. दोघं भेटलो की एक निघतो, त्याचा हात धरून दुसरा येतो, आणि चहा गार होतो. त्यातले बरेचसे रामटेके सरांचे. आणि अलीकडचे जवळजवळ सगळे वैशालीचे.

*

रामटेके सर म्हणजे आमच्या कॉलेजचे कोच. त्यांचं ऑफिस जिन्याखाली. गोळे, थाळ्या, अडथळे सगळं तिथेच. भाले खोलीत मावत नाहीत, म्हणून त्यांची टोकं खिडकीतून बाहेर आलेली असतात. नवीन प्राध्यापक तिकडून जाताना दचकतात.

सरांची पोरं-पोरी कुठे कुठे पोचली आहेत. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, कुणी सैन्यात. एक तिहेरी उडीवाला तर राष्ट्रीय स्पर्धेत मेडल घेऊन आला. एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीने विचारलं, "सर, तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?"

सर म्हणाले, "नितीन."

नितीनदादाला कधी काही मिळालं नव्हतं. तो बँकेत आहे. मुलगी गोंधळली. "म्हणजे त्यांचं मेडल कशात?"

"मेडल नाही वं. पण पोट सुटलं, केस गेले, तरी रोज सकाळी मैदानावर येते. बाकीचे फक्त सत्काराले येतात!"

*

वैशाली उमरेडची. वडील कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. ती रोज एसटीने नागपूरला यायची आणि पाच हजार मीटर पळायची. मनापासून पळायची आणि मनापासून शेवटची यायची.

एकदा सर बसस्टॉपवरून कॉलेजकडे येत होते. पुढे पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेली वैशाली. सरांनी हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. सर भरभर चालले. अंतर वाढलं. शेवटी सर चक्क पळाले आणि गेटपाशी तिला गाठलं. धापा टाकत म्हणाले, "पोरी, तू पळून काहून राहिली इतके दिवस? चाल ना!"

त्या दिवसापासून वैशाली चालण्याच्या शर्यतीत.

*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर हवा. पुढे टाकलेला पाय गुडघ्यात सरळ हवा. ट्रॅकभोवती पंच उभे असतात. तुमचे दोन्ही पाय हवेत दिसले किंवा गुडघा वाकला, की पंच लाल कार्ड लिहितो. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर! आणि हे सगळं सांभाळून इतक्या वेगाने जायचं, की साधा माणूस शेजारून पळत राहिला तरी दमेल.

त्यासाठी कंबर हलवावी लागते. आणि नागपूरच्या रस्त्यावर पोरीने कंबर हलवत चालायचं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

ऑटोवाले थांबायचे. "ताई, अर्जंट आहे का? बसा ना." भाजी घ्यायला निघालेल्या एका आजींनी तिचा हात धरून विचारलं, "कमरेत लचक भरली का वं बाई? माह्याकडे तेल हाय."

आजींचा राग नाही. राग आमच्याच फुटबॉलवाल्या पोरांचा. ती मैदानाच्या कडेला उभी राहून वैशालीची नक्कल करायची. मी भांडायला निघाले होते. सरांनी मला थांबवलं आणि पोरांना प्रेमाने बोलावलं. "छान करता रे! या, तिच्यासंगं दोनच फेऱ्या मारा. पण गुडघा वाकवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती पोरं जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी आडवे पाय टाकत उतरत होती. नक्कल बंद!

*

सरांचा नियम कडक. सीझन संपेपर्यंत वैशालीने कुठेच पळायचं नाही. घरी नाही, रस्त्यावर नाही, पावसात नाही. "अंगाले पळायची आठवण राहिली, तं दमल्यावर ते पंचासमोर पळन."

हा नियम तिने किती मनावर घ्यावा?

नागपुरातल्या सदर भागातल्या एका गल्लीतून आम्ही दोघी जात होतो. एक कुत्रं भुंकत अंगावर आलं. मी बॅग टाकून पळाले. वळून पाहते तर वैशाली गुडघा सरळ ठेवून, हात कोपरात वाकवून, टकाटक चालत येते आहे आणि कुत्रं तिच्या मागे! थोडा वेळ ते भुंकत आलं. मग त्याचं भुंकणं थांबलं. मग तेच थांबलं. खाली बसून मान वाकडी करून तिच्याकडे पाहत राहिलं. त्याच्या उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नसणार!

*

बसचा किस्साही असाच. संध्याकाळची उमरेडची गाडी सुटली होती आणि वैशाली मागून चालत येत होती. दारातला कंडक्टर ओरडला, "अवं पळ ना! पळ!"

"पळता येत नाही, काका!"

"काहून? पायाले लागलं का?"

"सरांनी नाही म्हटलं!"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी थांबली. ती चढली तर म्हणाला, "अशा आज्ञाधारक पोरी राहिल्या, तं आमची गाडी उमरेडले उद्या पोचन!"

पुढच्या आठवड्यापासून मात्र तोच ड्रायव्हरला सांगायचा, "थांब गा जरा. चालणारी यायची हाय."

*

आता जरा कडू किस्सा. विद्यापीठाच्या स्पर्धेत वैशाली सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना तिसरं लाल कार्ड आलं आणि तिला बाहेर काढलं. तिचा वेग चांगला होता, म्हणून पुढच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघात ती राहिली. पण घरी भडका उडाला.

घरी आधीच ठरत आलं होतं. बी.ए. झालं की वैशालीने उमरेडलाच आत्याच्या साड्यांच्या दुकानात बसायचं. आत्याचे गुडघे गेलेले, तिला हाताशी माणूस हवं होतं. वैशालीला नागपुरात राहून खेळाची शिक्षिका व्हायला बी.पी.एड. करायचं होतं आणि चालायचं होतं.

सर उमरेडला गेले. मलाही घेऊन गेले. वैशालीचे बाबा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांना भरून आलं होतं.

"सर, पोरगी पडली, हरली, तं समजू शकतो. पण चालता येत नाही म्हून बाहेर काढलं? वर्षाची होती तवापासून चालून राहिली ते!"

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. आत्या चहा घेऊन आली. तिने सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चालणं शिकवाचा पगार भेटते का हो सर तुमाले?"

"भेटते ताई. मलेही खरं वाटत नाही!"

वातावरण जरा सैल झालं. बाबा म्हणाले, "यंदाची स्पर्धा नागपुरातच हाय म्हणते. मी येतो पाहाले. तिथूनही काढून देलं, तं मंग दुकान. मेडल आणलं तं बोलू."

मला वाटलं, सर आता भाषण करतील. खेळाचं महत्त्व, मुलींचं भविष्य. मी असते तर नक्की केलं असतं. सर कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "दादा, मेडलचं मी सांगत नाही. पण यावेळी तिले कोणी बाहेर काढणार नाही."

*

मग तालीम सुरू झाली. सर ट्रॅकच्या कडेला खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे आणि वैशालीच्या पावलांचा आवाज ऐकायचे. दोन पावलांच्या मधे जास्त वेळ शांतता पडली, की पोरगी हवेत गेली!

कुणीतरी प्राचार्यांकडे तक्रार केली, की कोच ड्यूटीवर झोपतात. कुणी, ते मला माहीत आहे, जाऊ द्या. प्राचार्य स्वतः मैदानावर आले. "रामटेके, झोपता काय?"

सरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. मैदानाच्या पार टोकाला वैशाली होती. सर ओरडले, "डावा उचलून राहिला, वैशाली!"

प्राचार्यांना फारच गंमत वाटली. त्यांनी दुसरी खुर्ची मागवली. शेजारी बसले. त्यांनीही डोळे मिटले.

फेऱ्या संपल्या तेव्हा सर हळूच उठले आणि आम्हाला खूण केली, आवाज करू नका. साहेब घोरत होते!

*

आणि आता स्पर्धेचा दिवस.

स्टँडमध्ये बाबा, मांडीवर डबा घेतलेली आत्या आणि मी. सर खाली, ट्रॅकच्या कुंपणाला चिकटून. दहा हजार मीटर, म्हणजे पंचवीस फेऱ्या. वैशाली सुरुवातीपासून पुढच्या घोळक्यात. बाबा दर फेरीला उठायचे आणि बसायचे. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "ते पिवळ्या बनियानवाली. माही पोरगी हाय."

मग बोर्डावर तिच्या नंबरसमोर एक लाल खूण लागली. थोड्या वेळाने दुसरी. मी बाबांना सांगितलं, आता आणखी एक लागली की संपलं. त्यांनी आत्याचा हात धरला.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या. वैशाली चौथी. तिसरी मुलगी तिच्यापुढे हातभर अंतरावर, आणि ती दमलेली दिसत होती. सगळं स्टँड उभं राहिलं. आणि बाबा, ज्यांना सरांनी उमरेडला बसून सगळे नियम समजावले होते, ते जीव तोडून ओरडले, "पळ! पळ वैशाली, पळ!"

तिने ऐकलं. मला पक्कं माहीत आहे, कारण तिने मान किंचित आमच्याकडे वळवली. मग तिने वेग कमी केला. स्पष्ट दिसेल इतका कमी केला. पुढची मुलगी पुढे गेली. मागून एक आली आणि तीही पुढे गेली. पंच वाकून वाकून तिच्या पायांकडे पाहत होते. ती आपली एकेक पाऊल टेकवत, गुडघा सरळ ठेवत, शेवटपर्यंत आली. पाचवी. बोर्डावर दोनच खुणा.

कुंपणापाशी सर खाली बसले होते. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

थोड्या वेळाने वैशाली स्टँडमध्ये आली. ओठ सुकलेले. बाबांनी तिला पाण्याची बाटली दिली. ती पिऊन होईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. "ते पुढची पोरगी हातभर होती वं! मेडल होतं! सोडली काहून?"

"पळावं लागलं असतं, बाबा."

"मंग पळाचं ना! एकच पाऊल! इतक्या गर्दीत कोण पाहते?"

वैशाली खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आत्याने मांडीवरचा डबा उघडला, पहिली पोळी वैशालीच्या हातात दिली, आणि भावाकडे न पाहताच म्हणाली,

"दादा, माह्या दुकानाले दुसरी पोरगी पाह्य."