नत्थूभाऊची टाच

नत्थू बावनकरला मांडवाच्या बल्लीवर चढलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो जमिनीवर चालताना चुकीच्या जागी आल्यासारखा वाटायचा. बुटका, काटक माणूस. दातात सुतळी, खांद्यावर कापडाचा गठ्ठा, आणि वर पोचला की तोंड सुरू. खाली आचारी कढी ढवळत असला तर हा मांडवाच्या आढ्यावरून ओरडणार, "महाराज, पातळ होऊन राहिली कढी! इथून दिसते मले!" आचारी शिव्या घालायचा आणि मुकाट्यानं बेसन वाढवायचा.

नत्थूचे वडील रेल्वेत गँगमन होते, गोंदियाहून बदलून रायपूरला आले आणि इथलेच झाले. नत्थूला शाळेनं धरलं नाही. मिसरूड फुटायच्या आधीच तो पुरानी बस्तीतल्या एका टेंट हाउसमध्ये लागला. मालकांचं मराठी घराणं भोसल्यांच्या अमदानीपासून रायपुरात. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि रागावले की दोन्ही एकदम. थोरले मालक गेले, आता त्यांचा मुलगा शिशिर दुकान बघतो. शिशिर लहान असताना नत्थूनंच त्याला खांद्यावर बसवून मांडव दाखवले होते. तरी हा त्याला शिशिरभैया म्हणायचा आणि तो ह्याला नत्थूभाऊ.

नत्थूची एक खोड होती. त्याला कधी काही होतच नसे. विंचू चावला, काही नाही झालं. ताप चढून डोळे लाल झाले, काही नाही झालं. त्याची बायको वनमाला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना सांगायची, "या माणसाले यमानं विचारलं तरी म्हणन, काही नाही झालं, तुम्ही व्हा पुढे."

तो पडला तेव्हाही हेच म्हणाला.

तेलीबांध्याच्या पुढं एका मॅरेज गार्डनमध्ये दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी चालली होती. मोठी कमान बांधून झाली होती, पण एका कोपऱ्यातली झालर जरा ओघळलेली दिसत होती. खालून कोणाच्याही ध्यानात आली नसती. नत्थूच्या आली. तो पुन्हा वर चढला, एका हातानं पाइप धरून बाहेर झुकला, आणि पाइपाचा सांधा सटकला. दोन्ही पायांवर पडला, पण सगळा भार उजव्या टाचेवर आला. "काही नाही झालं" म्हणत उठला आणि लगेच खाली बसला. चेहरा पांढराफटक.

शिशिरनं त्याला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. टाचेचं हाड फुटलं होतं. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. खर्च शिशिरनं केला. रात्रपाळीच्या नर्सला वाटलं हा धाकटा भाऊच आहे.

हाड जुळलं, पण टाच पहिल्यासारखी झाली नाही. सपाट जागी नत्थू हळूहळू चालायचा. खडबडीत जमिनीवर पाय वाकडा पडायचा. एकदा घरात कोणी नाही असं बघून त्यानं माळ्याला शिडी लावली. दुसऱ्या पायरीवर उजवा पाय ठेवला तर तो पाय तिथं आहे की नाही हेच त्याला कळेना. तो उतरला आणि शिडी होती तिथं ठेवून आला. हे त्यानं वनमालेला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

शिशिर भेटायला यायचा. म्हणाला, "नत्थूभाऊ, गोदामात बस. चौकीदारी कर. पगार थोडा कमी राहील, पण घरची गोष्ट आहे. वरून काही देऊन टाकतो, एकदा हिशेब मिटवून टाकू."

नत्थू हो म्हणणारच होता. अडवलं त्याच्या मुलीनं. पूर्णिमा तेलीबांध्याच्या एका ऑफिसात नोकरीला होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. "पापा, ये उनकी मेहरबानी नहीं है। काम पर चोट लगी है, आपका हक बनता है।"

"कोर्टात जाऊ? शिशिरभैयावर?" नत्थू भडकला. "ज्यानं मले उचलून दवाखान्यात नेलं त्याच्यावर? आन् चूक माहीच होती. मीच बाहेर झुकलो."

वनमाला भाजी निवडत होती. ती म्हणाली, "जाऊ नका कोर्टात. ऐकून तर या. ऐकाले काय लागते?"

पूर्णिमाच्या ऑफिसच्या इमारतीतच देवश्री नावाच्या वकीलबाई बसत. तिघं त्यांच्याकडे गेले. नत्थूनं खुर्चीत बसताबसताच सांगून टाकलं की चूक त्याची होती.

"दारू पिऊन चढला होता का?" देवश्रीबाईंनी विचारलं.

"नाही बाप्पा! माळकरी आहो मी."

"मालकानं सुरक्षेचा पट्टा दिला होता आणि तुम्ही मुद्दाम काढून फेकला, असं काही?"

"पट्टा? कायचा पट्टा?"

"मग झालं तर. काम करताना हात-पाय चुकतोच माणसाचा. एवढ्यावरून भरपाई बुडत नाही. काम करताना इजा झाली का, एवढं मुख्य. इलाजाचा खर्च मालकाचा. बरं होईपर्यंत घरी बसलात त्या दिवसांचा काही भाग मिळतो. आणि अधूपण कायमचं राहिलं, तर त्यानं कमाई किती घटली ते बघून एकरकमी भरपाई. उशीर मात्र करायचा नाही, मुदत असते."

"आन् भैया म्हणते तसं घरीच मिटवलं तर?"

"मिटवा ना. पण ते कामगार भरपाईच्या अधिकाऱ्यापुढं नोंदवून. रक्कम फारच कमी असली तर ते अडवतात. घरच्या घरी सही केलीत तर ती ना तुमच्या कामाची, ना त्यांच्या. आणि अर्ज करणं म्हणजे वैर नव्हे, भाऊ. मोठ्या मनाचा मालकसुद्धा किती द्यायचं ते अंदाजानंच देतो. इथं अंदाज नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू रिक्षा करून एकटाच पुरानी बस्तीत गेला. शिशिर दुकानात कनाती मोजून घेत होता.

"भैया, मी तुमच्यावर केस करून राहिलो," नत्थू म्हणाला. "दुसऱ्याकडून तुमाले समजलं असतं तर बरं नसतं दिसलं."

शिशिरनं हातातली कनातीची घडी खाली ठेवली. त्याला लागलं होतं, आणि ते लपवता येत नव्हतं. "मी काही कमी केलं का, नत्थूभाऊ?"

"नाही जी. कमी काहूनचं? पण माह्या पायाचं काय ते तुम्ही ठरवू नका, मीबी नाही ठरवत. कोणीतरी तिसरा ठरवू द्या."

"कर मग," शिशिर म्हणाला. खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "चहा घेशील?"

दोघांनी चहा घेतला. उठताना शिशिरनं त्याला पायरी उतरायला हात दिला आणि नत्थूनं तो घेतला नाही.

खरी पंचाईत पुढं झाली. अधूपण किती, हे डॉक्टरनं तपासून लिहायचं होतं. त्या दिवशी नत्थूनं इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. वनमाला बाहेर बाकड्यावर थांबली. आत डॉक्टरांनी विचारलं, "दर्द होता है?"

"खास नहीं, साहब."

"चलकर दिखाओ।"

आणि नत्थू चालला. ताठ. वरातीत बँडवाला पुढं चालतो तसा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. डॉक्टरांनी पाहिलं ते लिहिलं, आणि ते फार थोडं होतं.

घरी आल्यावर टाच सुजून आली. वनमालेनं मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवला, आणि झाला प्रकार कळल्यावर तिचा तोल गेला. "तिथं बक्षीस भेटनार होतं का तुमाले? काहून चालले असे?"

"तिथं पोट्टे बसले होते, वनमाला," नत्थू पाण्याकडे बघत म्हणाला. "एकाचा हात नव्हता, कारखान्यात गेला. एक तर पायावर उभाच नव्हता राहू शकत. त्यांच्यासमोर मी लंगडून दाखवू?" मग हळूच म्हणाला, "आन् मले वाटलं, एकदा लंगडलो की मग मी लंगडाच."

वनमाला उठली. टॉवेल आणला आणि त्याचा पाय पुसून मांडीवर घेतला. तिला आठवत होतं, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याला काम करताना पाहिलं ते एका मांडवाच्या शेंड्यावर. तिथून त्यानं तिला हात केला होता आणि ती लाजून पळून गेली होती.

सुनावणीला शिशिरच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणे तोच कागद पुढं केला. अर्जदार नीट चालतो, त्रास किरकोळ आहे, चौकीदारी देऊ केली होती. सगळं खरंच होतं. अधिकारी वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नत्थूला विचारलं, "काम क्या करते थे आप?"

नत्थू सांगू लागला. आधी चाचरत, मग रंगात येऊन. बल्ली कशी रोवायची, वारा कुठून येतो ते बघून कापड कोणत्या बाजूनं आधी ताणायचं, पायाच्या अंगठ्यानं पाइप धरून दोन्ही हात मोकळे कसे ठेवायचे. हातवारे करता करता तो कमानच बांधू लागला. साहेब ऐकत राहिले, टंकलेखक बाईंचे हातही थांबले.

"और अब?"

नत्थूचे हात हवेतच राहिले. त्यानं मागं वळून वनमालेकडे पाहिलं.

"अब नहीं होता, साहब," तो म्हणाला. "पाँव को डंडा समझ में नहीं आता। सीढ़ी पर पाँव रखता हूँ तो पाँव पूछता है, कहाँ हूँ।" आणि मग खूप हळू, "दर्द भी होता है।"

साहेबांनी शिशिरकडे पाहिलं. "आप बताइए। कल बड़ा काम आ जाए तो इनको ऊपर भेजेंगे?"

शिशिरचा वकील अर्धवट उठला होता. पण शिशिर बोलून गेला, "नहीं साहब। स्टूल पर भी नहीं चढ़ने दूँगा।" त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इनके जाने के बाद मेरी एक भी कमान सीधी नहीं बनी।" वकील खाली बसला.

बाहेर व्हरांड्यात देवश्रीबाईंनी नत्थूला समजावलं. टाचेचा दोष कागदावर थोडा असू शकतो. पण इथं बघायचं असतं ते त्या दोषानं याच माणसाची कमाई किती गेली ते. टेबलाशी बसणाऱ्याची टाच आणि बल्लीवर चढणाऱ्याची टाच एक नव्हे. साहेबांनी पुन्हा तपासणीला पाठवलं होतं, आणि या वेळी कामाचं स्वरूप डॉक्टरांना लेखी कळवलं होतं.

दुसऱ्या तपासणीला वनमाला आत गेली. डॉक्टरांनी बुटक्या स्टुलावर चढायला सांगितलं. नत्थूनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, चढू गेला, थांबला, आणि म्हणाला, "नाही जमत."

निकाल नत्थूच्या बाजूनं लागला, आणि भरपाई शिशिरच्या मूळ अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. ती भरायला शिशिरला जुनी मेटाडोर विकावी लागली. हे ऐकून नत्थूला दोन दिवस जेवण गोड लागेना. वनमाला म्हणाली, "वाईट वाटू द्या. वाटतेच. पण नेऊन परत देऊ नका."

त्या पैशातून बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनी आल्या. वनमाला शिवते, नत्थू कापड कापून चुण्या घालतो. आता शहरातली अर्धी टेंट हाउसं त्यांच्या झालरी नेतात. शिशिर सुरुवातीला माणूस पाठवायचा. मग एक दिवस स्वतः आला, गुलाबी रंगावरून नत्थूशी तासभर भांडला आणि जेवूनच गेला.

शिशिरनं आता वर चढणाऱ्यांसाठी पट्टे आणलेत. पोरं ते घालत नाहीत, गरम होतं म्हणतात. म्हणून मोठी कमान असली की शिशिरचा फोन येतो, आणि नत्थू ऑटो करून जातो. प्लास्टिकची खुर्ची टाकून खाली बसतो, अधू पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि पट्ट्याशिवाय एकालाही वर जाऊ देत नाही. त्याचा आवाज मॅरेज गार्डनच्या फाटकापर्यंत येतो.

परवा अभनपूरकडच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे लांबचे मामा लवकर येऊन पोचले. ऐन मांडवात पाय पसरून बसलेला, सगळ्यांवर ओरडणारा हा माणूस बघून ते बिचकले. कोणी वडीलधारे असावेत म्हणून वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आप लड़की वाले हैं कि लड़के वाले?"

"मैं झालर वाला हूँ," नत्थू म्हणाला, आणि त्यांना चहा मागवला.