दोन्ही हातांनी घ्या

नारायण पेठेत आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. स्कूटरवरून पडून नस तुटली आणि ह्यांचा डावा हात लुळा पडला. एका कंपनीने चाचणीसाठी हाताला बांधायचं मोटरचं यंत्र दिलं. दंडातली जराशी हालचाल ओळखून ते कोपर वाकवायचं. दीड वर्ष ह्यांनी त्यातल्या चुका दाखवल्या, पुन्हा पुस्तकं शिवली.

"यंत्र तुमच्याकडेच राहणार, काका," असं कंपनीच्या ऋचामॅडम दर भेटीत म्हणायच्या. मेली गोड माणसं! चाचणी संपताच यंत्र काढून नेलं, आणि आठवड्याने सत्काराला बोलावलं.

शाल घालून मॅडमनी जड सन्मानचिन्ह पुढे केलं.

"काका, दोन्ही हातांनी घ्या," फोटोवाला म्हणाला.

हे म्हणाले, "दुसरा मॅडमच्या कपाटात आहे. आणा, मग घेतो."