पणच्या अलीकडचं

"ह्या मॅडम त्यांच्यातल्या आहेत, बरं का, पण इंग्रजी ऐकाल तर थक्क व्हाल!"

माइकवर. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सव्वीस जानेवारीची सकाळ, झेंडावंदन झालेलं, समोर खुर्च्या भरलेल्या. माझ्या खांद्यावर घालायची शाल त्यांच्या हातात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ईरा, कबीर, तुम्हाला आईने सांगितलं असेल, आजीने सत्कार मोडला. म्हणून क्रमाने लिहिते.

'त्यांच्यातल्या' म्हणजे आम्ही बौद्ध. माझे वडील ठाकुर्लीला रेल्वेच्या पॉवरहाऊसमध्ये कोळसा ओढायचे. मी ठाण्याला कॉलेज केलं, इंग्रजीत एम.ए. झाले, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी क्लबहाऊसमध्ये सोसायटीच्या मुलांना फुकट शिकवते. त्याबद्दल ती शाल.

हा 'पण' मला नवा नव्हता. नोकरीतली पहिली शाळा सोडताना तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी अनुभवाचा दाखला दिला. इंग्रजीत, टाइप केलेला. आधी माझा समाज, मग 'बट', मग 'क्लीन अँड पंक्च्युअल'. स्वच्छ! मी शिकवते कशी, त्याबद्दल अक्षर नाही. मी 'थँक्यू मॅडम' म्हणाले. त्याच कागदावर दुसरी नोकरी मिळवली. त्या थँक्यूची लाज अजून गेलेली नाही.

नव्या शाळेच्या लायब्ररीत जाडजूड डिक्शनरी होती. तिच्यात मी 'बट' हा शब्द काढला. तीन अक्षरांचा, पाचवीच्या मुलालाही येणारा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'बाहेर'. बाहेरच्या बाजूला. त्यातून झालं 'वगळून'. 'ऑल बट वन', म्हणजे एक सोडून सगळे. मग कुठे 'परंतु'. स्कॉटलंडात दोन खोल्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीलाच 'बट' म्हणायचे.

डिक्शनरी मिटली. माझी आई ज्या घरांची भांडी घासायची, तिथे तिला चहा दाराबाहेरच्या ओट्यावर मिळायचा. वेगळ्या कपात. म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी शब्द अगदी बरोबर वापरला होता.

तर त्या सकाळी शाल जवळ आली आणि मी हात आडवा धरला.

"साहेब, तेच वाक्य परत म्हणा. 'पण' काढून."

"अहो मॅडम, कौतुकच केलं ना तुमचं!"

"मग म्हणा ना. 'पण'च्या जागी 'आणि' घाला."

ते हसले. माइक चालूच होता. "ह्या मॅडम त्यांच्यातल्या आहेत आणि…"

पुढे जाता येईना. 'आणि' घातल्यावर थक्क कशाने व्हायचं, तेच उरत नव्हतं. मागे कुणीतरी खिदळलं.

"घ्या हो काकू शाल," पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "वडे गार होतायत."

मी शाल खुर्चीवर ठेवली. घरी आले.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना. क्लबहाऊस दुरुस्तीसाठी बंद, शनिवारचा वर्ग तूर्तास होणार नाही. कसली दुरुस्ती, एकानेही विचारलं नाही. माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. त्यांच्या आईबापांनीही नाही.

मग तुमच्या आईचा फोन. "आई, त्यांचं चुकलंच गं, पण तू सगळ्यांसमोर…"

मी फोन ठेवला. पणच्या पुढचं मी जन्मभर ऐकलं. पणच्या अलीकडे माझा बाप आहे, माझी आई आहे. ते वगळून मला कुणाचं कौतुक नको.

काल वॉचमनकडून सेक्रेटरींचा निरोप आला. मॅडमनी ग्रुपवर सॉरी लिहिलं तर क्लबहाऊस उघडेल.

लिहिणार नाही.

पार्किंगमध्ये माझ्या फ्लॅटची जागा रिकामी आहे, गाडी मी कधी घेतली नाही. शनिवारी दहा वाजता तिथे सतरंजी घालणार. फळा माझा, खडू माझे. अकरा येतील, एक येईल, नाहीतर कुणी येणार नाही. धडा होणार. शब्द: बट. अर्थ, मूळ, उपयोग.

उपयोगाला उदाहरण लागतं. मुख्याध्यापिकाबाईंचा तो दाखला फोल्डरमधून काढून ठेवलाय. फळ्यावर टाचणार आहे. खालची सही झाकणार नाही.