दोन्या ओब्दुलियाचा दुसरा मजला

आमच्या शेजारच्या दोन्या ओब्दुलियाचं, म्हणजे ओब्दुलियाबाईंचं, गावाकडे, ग्वातेमालात, एक घर आहे. त्या घरात ती एक रात्रही झोपलेली नाही. इथे अमेरिकेतल्या जॉर्जियात कोंबड्यांच्या कारखान्यात राबून आणि रविवारी चर्चबाहेर मक्याच्या सालीतले उकडलेले चुचितो विकून तिने ते फोनवरूनच बांधून घेतलं. छपरातून सळया वर काढून ठेवल्यात, दुसऱ्या मजल्यासाठी.

मजल्यापुरते पैसे जमले आणि त्याच आठवड्यात तिचा जावई एल्मर कामावर जाताना, इथे राहायची कागदपत्रं नाहीत म्हणून, पकडला गेला. रवानगी बंदीगृहात. न्यायाधीशाने जामीन ठरवला. सगळी रक्कम एकदम भरायची, आणि भरणारा कागदपत्रंवाला हवा. घरात कागदपत्रं एकट्या ओब्दुलियाची. आणि या जावयाशी तिने लग्नापासून अबोला धरलेला, कारण मांडवातच तो बोलून गेला होता, "चुचितो जरा कोरडे झालेत."

मुलगी रडली. ओब्दुलियाने मजल्याचे पैसे भरले आणि एल्मर सुटला.

"खटला संपेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहिला तर पैसे परत मिळतील," वकीलबाई म्हणाल्या. "एक जरी चुकवली तर बुडाले, आणि त्याचीही गावाकडे पाठवणी."

एल्मर स्वतःच्या लग्नालाही उशिरा आलेला प्राणी. ओब्दुलिया त्याच संध्याकाळी बोचकं घेऊन लेकीकडे राहायला गेली.

"माझा दुसरा मजला जेवला का?" ती लेकीला विचारायची. एल्मरचं फुटबॉल तिने बंद केलं, आणि त्यासाठी अबोलाही मोडला.

"पाय मोडला तर तारखेला कोण जाईल? तुझा बाप?"

"सासूबाई, फार ओरडू नका. मी रुसून कुठे निघून गेलो तर?"

यावर त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा पडायचा. एल्मर गालांनी भरू लागला.

तारखेला गाडी माझी होती. तिने पहाटेच दामटलं. कोर्टाचा पहारेकरीसुद्धा आमच्यानंतर आला. आत रांगेत उभे राहिलो आणि बघतो तर एल्मर गायब!

"गेला! सळयांसकट गेला माझा मजला!"

"दोन्या, तो मुतारीत गेलाय."

ती तडक पुरुषांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "आत खिडकी आहे का रे?" तिने मला विचारलं. एल्मर ओले हात झटकत बाहेर आला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं ते नाव पुकारेपर्यंत सोडलं नाही.

आत काम झटपट उरकलं. न्यायाधीशाने पुढची तारीख दिली, दीड वर्षानंतरची.

"म्हणजे दीड वर्ष हा माझ्या उरावर?" परत येताना ती पुटपुटली आणि मागच्या सीटवर डबा सरकवला. एल्मरने एक चुचितो सोलला, चावला, विचार केला.

"सासूबाई, खरं सांगू? कोरडाच आहे."

मी गाडीचा वेग कमी केला, न जाणो, ती याला बाहेर ढकलायची. ओब्दुलियाने दात आवळले आणि पाण्याची बाटली मागे दिली. मग गावाकडच्या गवंड्याला फोन लावला.

"सळया गंजू नयेत म्हणून रंग मारून ठेव. मजला? मजला इथे मागे बसून जेवतोय."