कंडक्टरबाईंची लांब नाकाची गाडी

माझी नोकरी संपली त्या दिवशी डेपोत मला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ मी घरात लावलंच नाही. भूम डेपोला एसटीची कंडक्टर म्हणून बावीस वर्षं घड्याळाच्या मागं पळाले होते, आता त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. मला गाडी हवी होती. स्वतःची, स्वतः चालवायची, आणि जिचा आवाज ऐकून माणसं मागं वळून बघतील अशी.

बाईला या वयात हे काय सुचलं, असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. कंडक्टर दिवसभर गाडीत असतो, पण गाडी त्याची नसते. ती ड्रायव्हरची. चढाला इंजिन जोर लावतं तेव्हाचा तो हुंकार, पायाखालून अंगात चढणारी ती थरथर, सगळं माझ्यापासून चार हातांवर असायचं. माझ्या वाट्याला मागची बाजू. सीटवरून भांडणं, मधल्या वाटेत ठेवलेली पोती, आणि "बाई, जरा त्या फाट्यावर थांबवा की." बावीस वर्षं मी बेल मारली आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवली. हे मनात साठलं होतं.

आमचे हे प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, स्वभावानं गरीब. त्यांचं म्हणणं, छोटी पांढरी गाडी घेऊ, ॲव्हरेज चांगलं देते. गल्लीत ज्याला विचारावं तो हेच सांगे. मी सगळ्यांचं मान डोलावून ऐकून घेतलं आणि लातूरच्या एका डॉक्टरांकडून मला हवी ती गाडी आणली. काळी कुळकुळीत, लांब नाकाची, रुंद खांद्यांची, मागची सीट दिवाणाएवढी. आमच्या तरुणपणी असल्या गाड्या पुढाऱ्यांकडे असायच्या, नाहीतर सिनेमातल्या व्हिलनकडे. डॉक्टरांनी हौसेनं तिच्यात दांडगं इंजिन बसवून घेतलं होतं आणि आता त्यांच्या कमरेला ती झेपत नव्हती. शहरातली पोरं असल्या गाडीला मसल कार म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. गाडी दारात लागली तेव्हा मास्तरांनी तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "हिच्या नाकावरच आपली छोटी गाडी मावली असती."

चालवायला मी आधीच शिकले होते, भूमच्याच एका क्लासात, माझ्या पोराच्या वयाच्या एका पोराकडून. पहिल्या दिवशी त्यानं क्लच, गियर, सगळं समजावून सांगितलं आणि चला म्हणाला. मी बसून. परत चला म्हणाला. तरी मी बसून. कशाची वाट बघताय, असं त्यानं विचारलं तेव्हा माझं मला कळलं, मी डबल बेलची वाट बघत होते. शेवटी तोंडानंच टिंग टिंग केलं, तेव्हा पाय उचलला. तो पोरगा हसू दाबून खिडकीबाहेर बघत बसला. पुढं आठवडाभर मी मनातल्या मनात बेल मारत होते.

बेलची सवय सुटली, पण दुसरी काही सुटेना. रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की माझा पाय आपोआप ब्रेकवर. गाडी आणल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं ती सोनारीच्या काळभैरवाला दाखवायला निघालो. घरून निघालो दोघं आणि देवळाशी उतरलो पाच. देवाला निघालेल्या दोन म्हाताऱ्या, आणि कांद्याचं पोतं घेतलेला एक शेतकरी. पोतं डिकीत मावत होतं, पण नवीन गाडीत हरवायला नको म्हणून त्यानं ते पुढं मास्तरांच्या मांडीवर दिलं. मागची एक म्हातारी सीट चाचपून खूश झाली आणि परतीची गाडी किती वाजता आहे, असं तिनं मला विचारलं. मीही बेधडक सांगितलं, दुपारी दोनला. मास्तरांनी पोत्याआडून मान काढून माझ्याकडं बघितलं. दोनला मात्र त्या दोघी बरोबर हजर होत्या, शेजारणीला घेऊन.

म्हणून आठवड्यातून दोनदा सकाळी मी एकटीच निघते. उन्हं वर यायच्या आत रस्ता मोकळा असतो, दोन्ही बाजूंना ज्वारी नाहीतर नुसतं माळरान, हात करायला कुणी नाही. तिसऱ्या गियरमध्ये पाय जरा दाबला की ती घशातून असा आवाज काढते की माझ्या मानेवर काटा येतो, आणि पाठ सीटला चिकटते. मला हसू फुटतं. एकटीच मोठ्यानं हसते. नाकावर माशी बसू न देणारी म्हणून डेपोत माझी ख्याती होती. तिथल्या कुणी मला तेव्हा बघितलं तर ओळखायचा नाही.

आता अव्वाचं सांगते. माझं माहेर मुरुमचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं कर्नाटक जवळ, घरात निम्मं कानडी, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणतो. ऐंशीच्या पुढं गेलीय. तिला गाडी लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ती कुठल्याही लग्नाला जाईल, उघड्यावर तिला काही होत नाही. पण बंद गाडीत बसली की दहाव्या मिनिटाला पोटातलं बाहेर. त्यामुळं माझ्या लग्नापासून ती भूमला कधी आली नाही. मी माझ्या पगारातून घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला भाऊ आला, तिनं दिलेलं लुगडं घेऊन. सणाला मीच जात राहिले. मी काय खाते-पिते हे तिला ठाऊक, पण माझी चूल कुठल्या कोपऱ्यात आहे हे तिनं बघितलेलं नव्हतं. अलीकडं तिचे गुडघे गेले, ऐकू कमी येऊ लागलं, आणि मला आतून घाई झाली. एकदा तरी तिनं माझ्या घरात बसून चहा घ्यावा, एवढंच होतं. पण ते होईल असं मला खरंच वाटत नव्हतं. गाडी मी तिच्यासाठी घेतली नव्हती. घेतली असती तर बरं दिसलं असतं, पण खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर गाडी दाखवायला आम्ही मुरुमला गेलो. अव्वा काठी टेकत बाहेर आली. नाकापासून मागच्या दिव्यापर्यंत तिनं गाडीवरून तळहात फिरवला, बैल विकत घेताना फिरवावा तसा. मी सुरू करून दाखवली. तिला ऐकू कमी येतं, पण तो आवाज तिला हातातून कळला. बराच वेळ हात तिनं तिथंच ठेवला. मी आपलं सवयीनं म्हणाले, चल भूमला. दरवर्षी म्हणते तसंच. तिनं विचारलं, खिडक्या पुऱ्या उघडतात का. चारी उघडून दाखवल्या. मग ती म्हणाली, "तू एकटी असलीस तर येते. दुसरं कुणी नगं. जावईबी नगं."

माझा विश्वास बसेना. मास्तरांकडं बघितलं तर त्यांनी पिशवी उचललीच होती. आपण एसटीनं येतो म्हणाले. मागची दिवाणासारखी सीट रिकामी जाणार आणि गाडीचा मालक, म्हणजे मालकिणीचा नवरा, उमरग्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघणार. पण ते कुरकुरले नाहीत. त्या दिवशी मला मास्तर फार आवडले.

अव्वाला पुढं बसवलं. हातात कापलेलं लिंबू, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, पदर कानावरून घट्ट गुंडाळलेला. उमरग्याच्या पुढं हायवे लागला आणि मी जपून, नवऱ्या मुलीची मिरवणूक निघावी तशी चालवू लागले. थोड्या वेळानं अव्वा म्हणाली, "एवढी मोठी गाडी, आन् चालतीया म्हशीवानी." मग काय विचारता. मी पाय दाबला. तिचा पदर सुटून मागं फडफडायला लागला, तोंडावर वारा, डोळ्यांतून पाणी, आणि ती हसत होती. बोळक्या तोंडानं, आवाज न करता. नळदुर्ग गेलं, तुळजापूर गेलं. तिथं तिनं बसल्या जागेवरून देवीला हात जोडले. धाराशिव गेलं तरी हातातलं लिंबू तसंच.

वाटेत दोन ठिकाणी लोकांनी हात केला आणि दोन्ही वेळा माझा पाय ब्रेककडं गेला. दोन्ही वेळा अव्वानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी लेक एकटी सापडलीय, तिला ती वाटून द्यायची नाहीये. मला त्याचा अभिमान वाटला. मी थांबले नाही. हात केलेली माणसं आरशात लहान होत गेली आणि मला त्यांचं काही वाटलं नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच.

येरमाळा ओलांडून भूमचा रस्ता धरला. वळणं सुरू झाली, वेग उतरला, वारा कमी झाला. अव्वानं लिंबू नाकाशी धरलं. मी बाजूला घेईपर्यंत ती ओकली. पिशवी उघडायलाही वेळ मिळाला नाही. तिच्या लुगड्यावर, सीटवर, गियरच्या दांड्यावर. माझ्या गाडीच्या बॉनेटला कुणी बोट लावलं तर मी अर्धी गल्ली डोक्यावर घेते. पण त्या वेळी मी फक्त तिची पाठ चोळत होते. पाणी दिलं, तोंड पुसलं. तिनं पदरानं कपाळ टिपलं आणि मग सांगितलं.

फार वर्षांपूर्वी माझी उमरग्याला ड्युटी असताना ती मला भाकरी द्यायला ट्रॉलीतून स्टँडवर आली होती. तेव्हा माझ्या गाडीत एक म्हातारी ओकली होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. ज्यानं घाण केली त्यानंच साफ करायची. साऱ्या स्टँडनं ऐकलं. अव्वा भाकरी दुसऱ्या कंडक्टरकडं ठेवून न भेटताच परत गेली होती. मला ती भाकरी आठवली. म्हातारी आठवत नाही. अशा कितींवर ओरडले असेन, एकही आठवत नाही, आणि मला त्या रस्त्याच्या कडेला स्वतःची लाज वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. अव्वानं मला गप्प केलं.

"तुझं काय चुकलं न्हाय. तुझं कामच व्हतं ते," ती म्हणाली. "पर तुझ्या गाडीत म्या ओकले असते तर तू काय केलं असतंस? वरडली असतीस तर तुला रातभर झोप आली नसती. न्हाय वरडलीस तर लोक म्हणले असते, आई हाय म्हनून गप. दुसऱ्याच्या गाडीत ओकले तरी नाव तुझंच निघालं असतं. म्हनून न्हाय आले. आता गाडी तुझी हाय. बघायला कुणी न्हाय."

जावई का नको, हात केलेली माणसं का नकोत, ते तेव्हा मला कळलं. नोकरीची बावीस वर्षं मी समजत होते की ती फक्त गाडी लागते म्हणून येत नाही. तिला माझी नोकरी सांभाळायची होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले आणि ती म्हणाली, चल आता, लई ऊन झालं.

घरी पोचलो तेव्हा मास्तर आधीच येऊन चहाचं आधण ठेवून बसले होते. एसटी आमच्या आधी पोचली, हे त्यांनी तीनदा ऐकवलं. अव्वानं घर बघितलं. देव बघितले, चूल बघितली, पाण्याची टाकी उघडून आत बघितलं. ओट्यावर बसून बशीतून चहा घेतला. मग मी बादली घेऊन गाडी धुवायला लागले आणि ती ओट्यावरून सूचना देऊ लागली. साबण कमी लाव, सांदीत फडकं घाल, त्या दांड्याखाली राहिलंय. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, कोण आलंय.

"माझी आई आलीय," मी म्हणाले. लग्न होऊन भूमला आल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून काकूंना नीट ऐकू गेलेलं असूनही आणखी एकदा बोलले.